'ग्राउंड फ्लोअर'वर घेतोय म्हणतात. पगार कमी, ईसॉप जास्त. जावं का?

रातराणी७

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका नव्या कंपनीकडून ऑफर आली आहे. मालवाहतूक करणाऱ्या ट्रकमालकांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. माणसं अजून तिशीच्या आत (संख्येने म्हणतेय, पण वयानेही बहुतेक तसेच). मी सध्या मोठ्या आयटी कंपनीत आहे, पॅकेज २४ लाख. हे लोक १७ देतायत आणि वर ४०,००० ईसॉप (कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर देण्याची योजना). एचआरवाली मुलगी फोनवर सारखी एकच वाक्य म्हणत होती, "मॅम, यू आर गेटिंग इन ऑन द ग्राउंड फ्लोअर." तिच्या बोलण्यावरून वाटलं की पुढच्या आठवड्यात लिफ्ट सुटणार आणि मी खालीच राहणार.

नवरा म्हणतो जा. सासरे म्हणतात घराचा हप्ता डोक्यावर असताना कसले धंदे सुचतायत. आईने "तुझं तू बघ" म्हणून फोन ठेवला. आणि घरात कुणीही आलं की इन्फोसिसच्या ड्रायव्हर-शिपायांची गोष्ट निघते: त्यांना शेअर मिळाले, ते लखपती झाले, वगैरे.

गोष्टी खूप ऐकल्या. आता हिशेब ऐकायचाय. जे खरंच कुठे सुरुवातीला शिरले त्यांना नेमकं काय मिळालं आणि कशामुळे मिळालं? आणि हे ४०,००० म्हणजे किती, तेही कुणी सांगाल का?

मिरचीभजी

तळमजल्याची जागा पावसाळ्यात जाऊन बघावी, एवढं आमचे आजोबा सांगून गेलेत. (हलके घ्या.)

जाणकारांच्या प्रतीक्षेत. खुर्ची टाकून बसलोय.

जुना_दलाल

ताई, इन्फोसिसचं नाव निघालंच आहे तर तेवढं सांगतो. बाकी तुमच्या ईसॉपचं कुणी सीए सांगेल.

१९८१ साली पुण्यात सात जणांनी ही कंपनी काढली. दहा हजार रुपये सुधा मूर्तींनी दिले, हे पाठ झालंय सगळ्यांना. दोनच वर्षांत बाडबिस्तरा बंगळुरूला हलला. पण त्या सातांतले एक जण १९८९ मध्ये बाहेर पडले, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून होते, संस्थापकच होते, आणि आठ वर्षांनी निघाले. त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. तेव्हा फोनची लाइन मिळायला वर्षं जायची आणि कॉम्प्युटर आयात करायला दिल्लीच्या वाऱ्या. आठ वर्षं घासून हातात फारसं काही नसेल तर माणूस दुसरा रस्ता धरतोच.

मग १९९३ चा फेब्रुवारी. पब्लिक इश्यू आला, भाव ९५ रुपये. मी तेव्हा फोर्टात एका सबब्रोकरकडे नव्यानं लागलो होतो. फॉर्मांचे गठ्ठे टेबलावर पडलेले असायचे. हा इश्यू पूर्ण भरला नाही हो! मॉर्गन स्टॅनलीने १३ टक्के उचलले म्हणून निभावलं. लोकांना कळेना की ही कंपनी बनवते काय. कारखाना नाही, चिमणी नाही, गोडाऊन नाही. शेजारच्या गठ्ठ्यात कुठल्यातरी ग्रॅनाइट एक्स्पोर्टवाल्याचा इश्यू असायचा, त्याला रांग.

आता आकडा. ९५ च्या भावाने १०० शेअर, म्हणजे ९,५०० रुपये. बोनस ९४, ९७, ९९ ला एकास एक (एका शेअरमागे एक फुकट), २००० साली दहाचा शेअर पाचाचा झाला (म्हणजे एकाचे दोन), २००४ ला एकास तीन, मग २००६, १४, १५, १८ ला पुन्हा एकास एक. शंभराचे झाले १,०२,४००. लाभांश वेगळाच.

पण हा आकडा सांगणारा माणूस एक गोष्ट गाळतो. त्याच दोन-तीन वर्षांत सरकारचं भावावरचं नियंत्रण उठलं होतं आणि जो उठेल तो इश्यू काढत होता. कोळंबी, ऑर्किड, मिनी स्टील प्लांट, लीजिंग. पुढे यातल्या कित्येक कंपन्या पत्त्यावर सापडेनात. सरकारदरबारी त्यांना नावच पडलं 'व्हॅनिशिंग कंपन्या'. ज्या गिऱ्हाइकाने इन्फोसिसचा फॉर्म भरला, त्याच गिऱ्हाइकाने त्या महिन्यात त्यातलेही दहा भरले होते. आमच्या गिऱ्हाइकांत इन्फोसिस धरून ठेवलेले मोजके. बाकीच्यांनी लिस्टिंगला पन्नास रुपये सुटताना बघून विकले आणि पेढे वाटले.

बोरीकाठचा

राम राम मंडळी. धाग्यात अमळनेर अजून कसं आलं नाही याचंच नवल वाटतंय.

मी अमळनेरचा. २०२४ च्या साहित्य संमेलनात आमचं गाव टीव्हीवर पाहिलं असेल. साने गुरुजींची प्रताप हायस्कूल, सखाराम महाराजांची वाडी, मंगळग्रह मंदिर, आणि विप्रो. हो, विप्रोचं मूळ गाव बंगळुरू नाही. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हाशम प्रेमजींनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नोंदवली ती आमच्या इथल्या कारखान्यासाठी. खान्देशात शेंगदाणा मुबलक, सुरत-भुसावळ रेल्वे दारातून जाते, त्यामुळे वनस्पती तूप इथे बनवणं सोयीचं. 'सनफ्लॉवर' वनस्पती आणि कपडे धुवायचा '७८७' साबण. लहानपणी बाबांच्या सदऱ्याला त्या साबणाचा वास असायचा.

शेअर शंभर रुपयांचा. चाळीसच्या दशकात शंभर रुपये म्हणजे काय ते विचारू नका. गावातल्या व्यापाऱ्यांनी घेतले, थोड्या शेतकऱ्यांनी घेतले. पुढेही इथले लोक घेत राहिले, कारण कारखाना डोळ्यासमोर. भोंगा वाजतो, गाड्या भरून जातात, शेजारचा पोऱ्या तिथेच कामाला. प्रॉस्पेक्टस वाचायची गरज काय? त्या कारखान्याच्या भिंतीला सायकल टेकवून लोक चहा पीत.

१९६६ ला हाशम प्रेमजी वारले. मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता, वय २१, शिक्षण टाकून परत आला. पहिल्याच वार्षिक सभेत एक भागधारक उभा राहून म्हणाला की तुमच्याच्यानं हे होणार नाही, हिस्सा विकून टाका कुणा अनुभवी माणसाला. ही गोष्ट आमच्याकडे अजून चवीनं सांगतात. तेव्हा विकणारे विकून मोकळे झालेही.

दलालकाकांनी हिशेब दिला, मीही देतो. १९८० साली शंभराचा एकच शेअर आहे असं धरा. ८१ आणि ८५ ला एकास एक बोनस, झाले ४. ८६ ला शंभराचा दहाचा केला, ४०. मग ८७, ८९, ९२, ९५, चारदा दुप्पट, ६४०. ९७ ला एकास दोन, १,९२०. ९९ ला दहाचा दोनचा झाला, ९,६००. २००४ ला परत एकास दोन, २८,८००. ०५ ला दुप्पट, ५७,६००. २०१० ला तिनास दोन, ९६,०००. २०१७ ला दुप्पट, २०१९ ला तिनास एक, आणि २०२४ च्या डिसेंबरात परत दुप्पट. एकाचे ५,१२,०००. कॅल्क्युलेटर घेऊन करून पाहा, मी कित्येक पाहुण्यांना करून दाखवलंय.

आता रातराणीताई, तुमच्या प्रश्नाकडे. हे शेअर कुणाकडे टिकले? हुशार लोकांकडे नाही टिकले. हुशार लोकांनी विहीर खणली, ट्रॅक्टर घेतला, पोरीचं लग्न केलं, आणि त्या त्या वेळी ते बरोबरच होतं. टिकले कुणाकडे, तर ज्यांना पैशांची निकड नव्हती, किंवा ज्यांचे कागद गोधडीखाली राहून गेले. आमच्याकडे असेही आहेत की घरात कार्य निघालं की चार शेअर काढायचे, बाकीच्याला हात नाही. साधं घर, दारात स्कूटर, आणि डिमॅटमध्ये कोटी. ओळखू येत नाहीत.

आणि हे सगळं झालं ते वनस्पती तुपाने नाही हो. आयबीएम भारतातून गेल्यावर ही कंपनी कॉम्प्युटरमध्ये शिरली, तेव्हा गावात कुणाला त्याची कल्पना असणार! लोकांनी तेलाच्या घाण्यावर पैसे लावले होते.

मिरचीभजी

बोरीकाठचे भाऊ, गोधडी अजून आहे का? फक्त विचारलं.

बोरीकाठचा

गोधडी आहे, खाली काही नाही. आमच्या आजोबांनी पंप घेतला.

ताळेबंद

धागा छान रंगलाय, पण धागाकर्तीला परवा एचआरला उत्तर द्यायचं असेल म्हणून मुद्द्यावर येते. सीए आहे, या कागदांचंच काम करते.

पहिली गोष्ट. तुम्हाला शेअर मिळत नाहीयेत. ठरावीक काळाने, ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क मिळतोय. अमळनेरच्या माणसाकडे शेअर होता. हा फरक लहान नाही.

दुसरी. ४०,००० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कितीपैकी ४०,०००? 'फुल्ली डायल्युटेड', म्हणजे वाटलेले सगळे हक्क बजावले गेले असं धरून, एकूण शेअर किती, हे विचारा. समजा चार कोटी असतील, तर तुमचा वाटा ०.१ टक्का. पुढे तीनदा पैसे उभे केले आणि दर वेळी सगळ्यांचा वाटा वीस टक्क्यांनी घटला, तर उरतात ०.०५१ टक्के. कंपनी २०० कोटींना विकली गेली तर तुमच्या हाती करापूर्वी साधारण दहा लाख, त्यातूनही घ्यायची किंमत वजा. तुम्ही वर्षाला सात लाख सोडताय. चार वर्षांचे अठ्ठावीस. बरोबरी व्हायलाच कंपनी साडेपाचशे कोटींना जायला हवी.

तिसरी, जी कुणी सांगत नाही. गुंतवणूकदारांना आधी त्यांचे पैसे परत घ्यायचा हक्क असतो, 'लिक्विडेशन प्रेफरन्स' म्हणतात. त्यांनी एकूण १५० कोटी घातलेत आणि कंपनी १२० ला विकली, तर ते १२० त्यांच्याकडेच जातात. पेपरात "१२० कोटींना खरेदी" अशी बातमी येते, ऑफिसात केक कापतात आणि ईसॉपवाल्यांच्या खात्यात शून्य.

चौथी, कर. हक्क बजावताना, म्हणजे शेअर प्रत्यक्ष घेताना, बाजारमूल्य आणि तुम्ही दिलेली किंमत यातला फरक पगार समजून त्यावर कर लागतो. १० रुपयांना घेतला, मूल्य २१० ठरलं, असे १०,००० घेतले, तर वीस लाख तुमच्या उत्पन्नात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सहा लाखांहून जास्त कर. आणि तो शेअर विकायला बाजारच नाही, कारण कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. २०२० च्या अर्थसंकल्पात यावर उपाय केला, कर काही वर्षं पुढे ढकलता येतो, पण तो सरकारची खास मान्यता असलेल्या स्टार्टअपपुरता. तुमची त्यात आहे का ते विचारा. नोकरी सोडलीत तर ती सवलत तिथेच संपते.

पाचवी. पत्रात 'नोकरी सोडल्यावर किती दिवसांत हक्क बजावायचा' हे कलम शोधा. कुठे ९० दिवस असतं, कुठे ३०. कुठे 'संचालक मंडळाच्या मर्जीनुसार' असतं. या शेवटच्या प्रकारावर सही करू नका.

रातराणी७

ताळेबंद ताई, कोपरापासून दंडवत. मी पत्र पुन्हा काढून वाचलं. एकूण शेअर किती ते कुठेच नाही. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच मिळत नाही आणि मग दर तिमाहीला थोडे थोडे, चार वर्षांत पूर्ण. सोडल्यावर ३० दिवस. एचआरला एकूण आकडा विचारला तर म्हणाली "मॅम, दॅट्स कॉन्फिडेन्शियल."

ताळेबंद

पहिल्या वर्षाची अट कायद्यातच आहे, त्यात त्यांचा दोष नाही. एकूण आकडा गोपनीय म्हणणं मात्र हास्यास्पद आहे. भागधारकांची माहिती कंपनी दर वर्षी सरकारच्या कंपनी निबंधकांकडे भरते, थोडी फी भरून कुणीही बघू शकतं. एचआरला बाजूला ठेवा, थेट संस्थापकाशी बोला.

सनीवेल_काका

इथे कॅलिफोर्नियात रात्र झाली आहे, पण कराचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

१९९९-२००० मध्ये आमच्या भागात जो तो ऑप्शन्सवर, म्हणजे तुमच्या ईसॉपसारख्या हक्कांवर, बोलायचा. गणपतीच्या आरतीला जमलेली मंडळी प्रसाद घेताना एकमेकांना 'स्ट्राइक प्राइस' (शेअर घ्यायची ठरलेली किंमत) विचारत. एच-वन व्हिसावर आलेले, सांगली-साताऱ्याहून आलेले, कधी शेअर न पाहिलेले लोक. नॅस्डॅक हा इथला शेअर निर्देशांक मार्च २००० मध्ये पाच हजारांवर गेला होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो अकराशेच्या आसपास होता.

नुसते बुडाले असते तर हरकत नव्हती, कागदावरचेच होते. पण अमेरिकेत एएमटी नावाचा एक समांतर कर आहे. ज्यांनी २००० मध्ये ऑप्शन बजावून शेअर घेतले आणि 'लाँग टर्म'साठी धरून ठेवले, त्यांना त्या वेळच्या भावाच्या फरकावर कर लागला. एप्रिल २००१ ला कर भरायची वेळ आली तेव्हा शेअरची किंमत कराच्या रकमेहून खाली आलेली. शेअर सगळे विकले तरी कर भरून होईना! आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाने घर विकलं आणि हप्ते बांधून घेतले. त्यांची कंपनी तर खरीच होती, तिचं उत्पादनही चांगलं होतं.

तेव्हा दलालसाहेब आणि अमळनेरकर म्हणतात तसं 'धरून ठेवा' हे सगळीकडे लागू होत नाही, एवढंच.

जुना_दलाल

मी धरून ठेवा म्हटलेलंच नाही काका. मी म्हटलं ज्यांनी धरलं त्यांचंच नाव ऐकू येतं.

आणि हेही सांगतो, पब्लिक इश्यू म्हणजे सुरुवात नव्हे. जानेवारी २००८ आठवा. रिलायन्स पॉवर. एकही नवं वीज केंद्र चालू नाही, ४५० चा भाव, सत्तरपटीवर मागणी. लोकांनी बायकोच्या, आईच्या, वहिनीच्या नावाने डिमॅट उघडले. ११ फेब्रुवारीला लिस्ट झाला आणि त्याच दिवशी ३७२ वर बंद. सगळ्यांना वाटत होतं आपण पहिल्या पायरीवर आहोत. पहिल्या पायरीवरचे आधीच घेऊन बसले होते, आपल्याला ते विकत होते.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडची एक ऐका. इमू.

२०१० च्या आगेमागे आमच्या तालुक्यात इमू पक्ष्याचं खूळ आलं. कंपनीचा माणूस गाडीतून यायचा, गळ्यात टाय, भर उन्हाळ्यात. एक जोडी घ्या, अंडी आम्ही विकत घेऊ, पिल्लं आम्ही विकत घेऊ, तेल आहे, मांस आहे, कातडं आहे, पिसंसुद्धा विकतात. लेखी करार. "तुम्ही तालुक्यात पहिले पाच आहात भाऊ, नंतर भाव राहणार नाही."

आता गंमत पाहा. पहिल्या पाचांनी खरंच कमावलं. शंभर टक्के कमावलं, मी डोळ्यांनी पाहिलं. एकानं बुलेट घेतली. पण ते पैसे आले कुठून? त्यांची पिल्लं कंपनीनं घेतली आणि पुढच्या पन्नासांना जोड्या म्हणून विकली. त्या पन्नासांची पिल्लं पुढच्या पाचशांना. इमूचं मांस खाल्लेला एक माणूस दाखवा मला अख्ख्या जिल्ह्यात. शेवटच्या पाचशांची पिल्लं घ्यायला कोणी उरलं नाही, ऑफिसला कुलूप. पक्षी सहा फुटी, दिवसाला खातो किती, आणि कापायचीही पंचाईत. लोकांनी रात्री रानात सोडून दिले. आमच्या पोलीस पाटलांकडे एक तक्रार आली होती की "कापसात एक उंच बाई पळतेय."

पुढे २०१९ ला सांगलीकडे कडकनाथ कोंबडीचं तेच झालं, पेपरात आलंच होतं. त्याआधी नव्वदच्या दशकात सागवान. दर दहा वर्षांनी जनावर बदलतं नाहीतर झाड बदलतं.

म्हणून ताई, मी एकच विचारीन. तुमच्या त्या कंपनीला पैसे देतो कोण? ट्रकवाला देतो की नवा पैसेवाला देतो?

अनुजा_ठाणे

वऱ्हाडी भाऊ, 'उंच बाई' वाचून ऑफिसात हसले, सगळे बघतायत.

मला एकदा शाळेतल्या मैत्रिणीने 'कॉफीला' बोलावलं होतं. तिथे हॉटेलच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावलेला. "महाराष्ट्रात आपण पहिल्या शंभरात आहोत." मी मागे वळून मोजलं, हॉलमध्येच दोनशे असतील. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनी पिरॅमिड योजनांना स्पष्ट बंदी आहे, पण अजून कॉफीची बोलावणी येतातच.

प्रवराकाठ

सगळे शेअर बाजाराचंच बोलताय. आमच्या नगर जिल्ह्याचं, म्हणजे आता अहिल्यानगरचं, सांगतो.

लोणीला, आताच्या प्रवरानगरला, सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या शेवटाला पहिलं गाळप. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा करत होते, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष. शेतकऱ्याला कारखाना म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं: बेलापूर कंपनीसारखे खासगी कारखाने आधीपासून होते, आणि जमिनी खंडाने देऊन स्वतः तिथे मजुरी करणारेही होते. त्यामुळे आपणच मालक व्हायचं ही कल्पना लोकांना पटवणं सोपं नव्हतं. घरातलं सोनं मोडून पैसे दिलेले लोक आमच्या पंचक्रोशीत होते.

आता इकडे लक्ष द्या. या शेअरचा भाव कधीच वाढला नाही. सहकारात वाढतच नाही. बोनस शेअरने पाच लाख पट वगैरे काही नाही, परत दिला तर दर्शनी किमतीलाच. आणि दहा शेअर असले तरी मत एकच. मग पहिल्यांदा येणाऱ्याला मिळालं काय? ऊस जायची हमी. दुष्काळानंतर ऊस कमी असो की अतिरिक्त असो, सभासदाच्या उसाला तोड आधी. दिवाळीला स्वस्त साखर. पोराला कारखान्याच्या शाळेत, पुढे कॉलेजात प्रवेश. दवाखाना. आमच्या घरातली पहिली इंजिनिअर त्या परिसरातच शिकली.

जुना_दलाल

सगळं खरं, पण प्रवराकाठ, आज किती कारखाने एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) वेळेवर देतात? आणि नव्या माणसाला सभासद करून घ्यायला किती खळखळ करतात? पहिल्यांदा आलेल्यांची नातवंडं मुंबईत बसून सभासद, आणि खरा ऊस लावणारा बिगर सभासद म्हणून गेटवर उभा. बाजारात निदान विकून दुसऱ्याला जागा देता येते.

प्रवराकाठ

हे मान्य. मतदार यादी हा विषय काढलात तर धागा दोनशेवर जाईल. पण तुमच्या बाजारात सभासदाला साखर मिळत नाही, एवढं मात्र खरं.

मिरचीभजी

दोघांनाही अर्धा किलो साखर माझ्याकडून. रातराणीताई कुठे गेल्या?

रातराणी७

आले. काल संस्थापकाशी बोलणं झालं, तासभर. वऱ्हाडी भाऊंचा प्रश्न पहिलाच विचारला. ट्रकमालक महिन्याला पैसे भरतात, पण त्यातून निम्मासुद्धा खर्च निघत नाही, बाकी गुंतवणूकदारांचा पैसा, साधारण दीड वर्ष पुरेल इतका. हे त्याने न लपवता सांगितलं, ते आवडलं. एकूण शेअर विचारले तर सरळ म्हणाला, सहा कोटी. म्हणजे माझा वाटा ०.०७ च्याही आत.

मी म्हटलं २० लाख द्या, ईसॉप निम्मे केलेत तरी चालतील, पण सोडल्यावरचे ३० दिवस बदलून किमान पाच वर्षं करा. पगारावर तो अडला. ३० दिवसांवर म्हणाला, "हे आत्तापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं," आणि वकिलाशी बोलतो म्हणाला. घरी सासऱ्यांना सगळा हिशेब दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे त्याला तुझी गरज आहे." आता ते जा म्हणतायत आणि नवरा थांब म्हणतोय.

शुक्रवारपर्यंत वेळ मागून घेतलाय.

ताळेबंद

लेखी येईपर्यंत राजीनामा टाकू नका. पत्रातच हवं, ईमेलवरचं "शुअर, वी विल फिगर इट आउट" चालणार नाही.

सनीवेल_काका

दीड वर्ष पैसा पुरणार आणि पहिलं वर्ष काही मिळणार नाही. या दोन तारखा कॅलेंडरवर शेजारी लिहून ठेवा.

अनुजा_ठाणे

थोडं अवांतर, चालेल ना? अमळनेरचं वाचून आठवलं. माझ्या आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत जुनी शेअर सर्टिफिकेटं सापडली आहेत, दोन-तीन कंपन्यांची, कागदी. एका कंपनीचं नाव आता वेगळंच आहे. आजेसासरे १९९८ ला गेले. याचं काही होतं का की फ्रेम करून लावायची?

ताळेबंद

फ्रेम नका करू! आधी कंपनीचं आजचं नाव आणि तिचा रजिस्ट्रार (आरटीए) कोण ते शोधा, कंपनीच्या संकेतस्थळावर 'इन्व्हेस्टर्स'खाली असतं. फोलिओ नंबर सर्टिफिकेटावर वरच्या कोपऱ्यात दिसेल. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर ते शेअर बहुधा सरकारच्या आयईपीएफ निधीत गेले असतील. गेले म्हणजे बुडाले नाहीत. 'आयईपीएफ-५' फॉर्म ऑनलाइन भरून परत मागता येतात, बोनससकट. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, रक्कम मोठी असेल तर न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र लागेल. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, त्यामुळे वारसाचं डिमॅट खातं आधी उघडून ठेवा.

आणि "पाच टक्के कमिशनवर सोडवून देतो" म्हणून फोन येतील. फॉर्म भरायला सरकारी फी नाही.

बोरीकाठचा

अनुजाताई, कंपनीचं जुनं नाव काय लिहिलंय सर्टिफिकेटावर? 'वेस्टर्न इंडिया'ने सुरू होणारं काही असेल तर आधी खुर्चीवर बसून घ्या, मग वाचा.

अनुजा_ठाणे

नाही हो, एक सूतगिरणी आहे आणि एक ग्रॅनाइट एक्स्पोर्ट.

जुना_दलाल

ग्रॅनाइटवाल्याचा फोटो टाका. बघू, आमच्याच टेबलावरचा फॉर्म असेल.